तेवीस पटाची शाळा आणि नवी अध्यक्ष

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते पाचवी, द्विशिक्षकी. चार वर्षांपूर्वी पट ४१ होता, आज २३ आहे. दुसरं कुणी तयार होईना म्हणून पालकसभेनं तुम्हाला शाळा व्यवस्थापन समितीचं अध्यक्ष केलं. खात्यावर पैसे नाहीत, वीज तोडलेली आहे, आणि तुमची तिसरीतली मुलगी कविता घडाघडा म्हणते पण न पाहिलेली ओळ समोर ठेवली की गप्प होते. तुम्ही विचारलंत : निधी कुठून आणू, निधी आला तर शाळा सुधारेल का, आणि अध्यक्षाला नेमका अधिकार तरी कशाचा?

मी ३३ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली. उपशिक्षक, मग मुख्याध्यापक, शेवटची नऊ वर्षं केंद्रप्रमुख. माझ्या केंद्रात तेरा शाळा होत्या, त्यातल्या सात तुमच्यासारख्याच. त्या अनुभवावरून सांगतो, तुमचे तिन्ही प्रश्न बरोबर आहेत, फक्त क्रम उलटा आहे. निधीचा प्रश्न शेवटी घेऊ.

खरी अडचण अशी आहे की शाळेतल्या ज्या तीन गोष्टींची तुम्हाला काळजी वाटते त्या तीन वेगवेगळ्या हातांत आहेत. शिक्षक किती मिळणार हे संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांच्या जागा मंजूर करण्याच्या दरवर्षीच्या हिशोबात ठरतं, आणि ती ३० सप्टेंबरच्या पटावर होते. पगार राज्य सरकार देतं, बदल्या जिल्ह्याच्या पातळीवर ऑनलाइन होतात. पैसा समग्र शिक्षा ही केंद्र-राज्याची शाळांसाठीची योजना, ग्रामपंचायत आणि जिल्हा नियोजन अशा तीन नळांतून थेंबथेंब येतो. आणि वाचन शिकवलं जातं वर्गात, दार लोटून घेतल्यावर. यातलं काहीच समितीच्या ताब्यात नाही. फलकावर मात्र अध्यक्ष म्हणून तुमचंच नाव. त्यामुळे नवीन अध्यक्ष एकतर हात टेकतात, नाहीतर गुरुजींवर डाफरायला लागतात. दोन्ही करू नका.

आधी पट. ४१ चे २३ झाले म्हणजे १८ मुलं कमी झाली. ही १८ कुठे गेली ते एका वहीत नावानिशी लिहा. पाचवी होऊन गेली ती एका रकान्यात. इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसली ती दुसऱ्यात. आईबापाबरोबर कारखान्याला किंवा शहरात गेली ती तिसऱ्यात. मग अंगणवाडी सेविकेकडे जा आणि तिच्या यादीतून शून्य ते सहा वयाची मुलं वर्षवार मोजा. पुढच्या पाच वर्षांचा तुमचा पट त्या यादीत आजच लिहिलेला आहे. शिक्षण खात्यातल्या कुणालाही विचारण्याआधी सेविकाताईंना विचारावं, हे मला केंद्रप्रमुख होऊन तीन वर्षं झाल्यावर सुचलं, त्याची अजून लाज वाटते.

पुढचं सगळं या वहीवर अवलंबून आहे. गावात वर्षाला तीनच मुलं जन्माला येत असतील तर जगातला कुठलाही उपक्रम पट ४१ वर नेणार नाही, आणि त्यात ना तुमचा दोष ना गुरुजींचा. मुलं व्हॅनमध्ये जात असतील तर गोष्ट वेगळी, ती परत येऊ शकतात. ऊसतोडीचं गाव असेल तर तिसरीच भानगड : ३० सप्टेंबरला पट भरलेला दिसतो आणि दिवाळीनंतर वर्ग ओस पडतो. तिथे हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत जाणं हाच उपाय, आणि 'वेळेत' म्हणजे गाड्या भरायच्या आधी. तुम्ही यातलं कोणतं ते लिहिलेलं नाही. मी तुमच्या गावात आहे असं धरून उत्तर देणं बरोबर नाही, म्हणून तिन्ही सांगितले.

तेवीस हा आकडा नाजूक का, तेही समजून घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत दोन शिक्षक. त्या हिशोबानं ४१ ला दोन होते आणि २३ लाही दोनच. पण सरकारी कागदांत २० हा आकडा पुन्हा पुन्हा येतो. २०२३ मध्ये समूह शाळांचे, म्हणजे जवळच्या छोट्या शाळा मिळून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले गेले ते वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांसाठी. अशा शाळा राज्यात सुमारे १४,८०० निघाल्या, आणि नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ दाखवलं गेलं. ५ सप्टेंबर २०२४ च्या निर्णयात अशाच शाळांतल्या दोनपैकी एका जागी कंत्राटी शिक्षक घ्यायचं ठरलं. त्यावर शिक्षक रस्त्यावर उतरले आणि पुढे त्यात फेरबदल झाले. निर्णय येतात, बदलतात, पण रेघ विसाच्या आसपासच ओढली जाते. तुम्ही तिच्या अलीकडे तीन मुलांवर उभ्या आहात.

दुसरी रेघ तुम्ही नकळत ओलांडून आलात. समग्र शिक्षामधलं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं : १ ते ३० पटाला वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००. पट ४१ असता तर शाळा २५,००० ची होती. शाळेची खोली तेवढीच, छप्पर तेवढंच, गळती तेवढीच, पण मुलं तिसाखाली गेली की खर्चाला १०,०००. त्यातही किमान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे. लहान शाळेचा खर्च मुलांच्या संख्येनं कमी होत नाही, हे हा तक्ता करणाऱ्यांना कुणी सांगितलं नसावं.

आता अधिकार. कायद्याच्या कलम २१ मध्ये समितीला तीन कामं स्पष्ट दिली आहेत. शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस, आणि सरकार, स्थानिक संस्था किंवा इतर कुठूनही आलेल्या पैशाच्या विनियोगावर लक्ष. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असल्याच पाहिजेत. मुख्याध्यापक सचिव असतात. यात शिक्षकाची रजा मंजूर करणं नाही, बदली करणं नाही, 'बघून घेईन' म्हणणं तर नाहीच.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. परिपत्रकानं दिलेला अधिकार परिपत्रकानं जातो. गणवेशाचं बघा. मुलामागे दोन जोडांचे ६०० रुपये समितीकडे यायचे, समिती गावातल्या नाहीतर तालुक्यातल्या शिंप्याकडून शिवून घ्यायची. मग 'एक राज्य एक गणवेश' आलं, खरेदी वरून झाली. २०२४-२५ मध्ये कित्येक शाळांत गणवेश उशिरा पोचले, आले ते मापाचे नव्हते, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तो अधिकार परत समितीकडे आला. कलम २१ चं तसं नाही. तो संसदेचा कायदा आहे, आणि देखरेख करण्यासाठी तुम्हाला कुणाच्या पत्राची वाट बघावी लागत नाही.

तुमचं खरं हत्यार म्हणजे इतिवृत्ताची वही. माझ्या केंद्रातल्या बहुतेक शाळांत ती गुरुजी एकटेच लिहायचे आणि नंतर घरोघर फिरून सह्या घ्यायचे. मीही मुख्याध्यापक असताना तेच केलं आहे, खोटं कशाला सांगू. ठरावाची भाषासुद्धा ठरलेली : 'सर्वानुमते चर्चा होऊन मंजूर'. कशावर चर्चा झाली ते कुणालाच ठाऊक नसायचं. तुम्ही एवढंच करा. सभेतच ठराव मोठ्यानं वाचायला लावा, सह्या तिथेच घ्या, आणि महत्त्वाचा ठराव असेल तर त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात आवक-जावकला देऊन पोच घ्या. तोंडी तक्रार हवेत विरते. आवक क्रमांक पडलेल्या कागदाला कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. विशेषतः मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे काही वर्षं कारभार प्रशासकांकडे राहिला, तेव्हा हे फार जाणवलं. पूर्वी लोक सदस्याच्या घरी जाऊन गाऱ्हाणं घालायचे. सदस्यच नाही म्हटल्यावर कागद तेवढा उरला.

पण समिती जागी झाली की शाळा सुधारते, असं समजू नका. इथे मी स्वतः बरीच वर्षं चुकीचा होतो. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ च्या सुमारास 'प्रथम' संस्था आणि काही अर्थतज्ज्ञांनी मिळून २८० गावांत एक प्रयोग केला. त्या तज्ज्ञांतले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो पुढे २०१९ च्या नोबेलचे मानकरी झाले. काही गावांत फक्त सभा घेऊन गावसमितीचे अधिकार समजावले. काही गावांत त्याशिवाय मुलांना किती वाचता येतं ते मोजून गावाचं प्रगतिपत्रक करायला लोकांना शिकवलं. तिसऱ्या गटात याच्या जोडीला गावातल्या तरुणांना वाचनवर्ग घ्यायचं चार दिवसांचं प्रशिक्षण दिलं. पहिल्या दोन गटांत शाळेच्या कारभारात आणि मुलांच्या वाचनात काहीच फरक पडला नाही. तिसऱ्यात पडला, आणि तो वाचनवर्गाला बसलेल्या मुलांत. आणखी एक गंमत म्हणजे समितीच्या यादीत नाव असलेल्यांपैकी जवळजवळ दर चौथ्या माणसाला आपण सदस्य आहोत हेच माहीत नव्हतं. आपल्याकडे पालकसभेतून समिती निवडतात, त्यामुळे परिस्थिती थोडी बरी. फार नाही.

म्हणजे सभा हवी, मोजणी हवी, पण त्यांच्यापाशी थांबलात तर फुकट. म्हणून वाचनाकडे येऊ.

तुमची मुलगी जे करते त्याला आम्ही 'पाठ वाचणं' म्हणायचो. धडा इतक्यांदा ऐकलेला असतो की बोट ओळीवर आणि तोंड आठवणीवर चालतं. ओळखायची युक्ती सोपी. तोच धडा मधूनच वाचायला द्या, किंवा ओळीतला एक शब्द बोटानं झाकून पुढचा विचारा. तेवीस मुलं आहेत, एका शनिवारी सगळ्यांची चाचणी होते. 'असर' या ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या देशव्यापी पाहणीत वापरतात तीच पद्धत घ्या : अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा उतारा, दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. मूल कुठल्या पायरीपर्यंत अडखळत का होईना पण पोचतं, तेवढंच लिहायचं. गणितात एक ते नऊ ओळखणं, दोन अंकी संख्या ओळखणं, हातच्याची वजाबाकी, आणि तीन अंकांना एका अंकानं भाग. गुरुजींना बरोबर घेऊन करा, त्यांच्यामागे नाही. निकाल वाईट आला तर गावात बोंब मारायची नाही, हे आधीच ठरवून घ्या. देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीतली दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०२२ मध्ये १६.३ टक्के होती आणि २०२४ मध्ये २३.४ टक्के. तुमच्या शाळेवर काही वेगळी अवकळा आलेली नाही.

निपुण भारत या केंद्राच्या वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीच्या अखेरीला मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचणं हे लक्ष्य आहे. मी पालकांना तो आकडा सांगत नाही. आई घड्याळ लावून बसते आणि मूल वाचनालाच घाबरतं.

चाचणी झाली की मुलांच्या पाच इयत्ता नव्हे, तीन-चार गट दिसतील. चौथीतला एखादा शब्दांवर अडकलेला, दुसरीतली एखादी गोष्ट वाचणारी. रोज एक तास, शक्यतो परिपाठ झाल्यावर लगेच, मुलं इयत्ता सोडून गटात बसवायची. अक्षर-शब्दवाली एका शिक्षकाकडे, उतारा-गोष्टवाली दुसऱ्याकडे. बाकीचे तास पाठ्यपुस्तकाप्रमाणे. दोन शिक्षकांना पाच इयत्ता शिकवायच्या म्हणजे एरवीही बहुवर्ग अध्यापनच चालू असतं, इथे फक्त पोरं वेगळ्या तऱ्हेनं वाटायची. दर सहा आठवड्यांनी पुन्हा तीच चाचणी. माझ्या केंद्रातल्या एका शाळेत हे नीट चाललं, दोन शाळांत अर्धवट, आणि बाकीच्यांत माझ्या भेटीच्या दिवशीच. जिथे चाललं तिथे काही विशेष साधन नव्हतं. तिथल्या बाई रोज तो तास घ्यायच्या, एवढंच. वादळ असो, बैठक असो.

'रोज' हाच शब्द अवघड आहे. द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक बाहेर गेला की दुसऱ्यापुढे पाचही इयत्ता येतात, आणि मग शिकवणं संपून राखण सुरू होते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नं शिक्षकांना अशैक्षणिक कामं देता येत नाहीत, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका त्यातून वगळल्या आहेत, आणि मतदारयाद्यांचं काम निवडणुकीतच धरलं जातं. शिवाय प्रशिक्षणं, केंद्राच्या बैठका, ऑनलाइन माहिती, कुणाची आजारपणाची रजा, कुणाची दुसऱ्या शाळेवर तात्पुरती व्यवस्था. एका वर्षी मी एका मुख्याध्यापकांना सांगितलं, कार्यालयातल्या दिनदर्शिकेवर फक्त एवढंच करा : ज्या दिवशी दोन्ही शिक्षक पूर्ण वेळ वर्गात, त्या तारखेला गोल. वर्षअखेर गोल मोजले तर कामाच्या दिवसांच्या निम्म्याहून जरासेच जास्त भरले. गुरुजी कामचुकार नव्हते. दोघेही नेमून दिलेल्या कामावरच होते. ती दिनदर्शिका समितीच्या ठरावाला जोडून वर पाठवली, आणि पुढच्या आठवड्यात त्या शाळेतल्या बाईंची तात्पुरती व्यवस्था रद्द झाली. त्याआधी मी तीन तोंडी विनंत्या केल्या होत्या.

हे तुम्ही पहिल्या महिन्यापासून करा. यात गुरुजींवर आरोप नाही, उलट त्यांची बाजू मांडली जाते. समिती आपल्या विरोधात नाही हे एकदा त्यांना पटलं की वाचनाच्या तासाला ते आपणहून येतील. आणि समजा शिक्षकच मन लावत नसेल तर? असे असतात, नाही म्हणणार नाही. तेव्हा गोलही भरलेले दिसतील आणि सहा आठवड्यांनी पायऱ्याही हललेल्या नसतील. हे दोन कागद शेजारी ठेवले की केंद्रप्रमुखांना तुमच्याशी वाद घालता येणार नाही. नुसतं 'गुरुजी शिकवत नाहीत' म्हणून गेलात तर मीसुद्धा गुरुजींचीच बाजू घेतली असती.

आता पैसा. आधी माझी फजिती ऐका. डिजिटल शाळांची लाट आली तेव्हा मी मुख्याध्यापक होतो. आम्ही शैक्षणिक उठाव, म्हणजे शाळेसाठी लोकवर्गणी गोळा केली, गावानं जत्रेच्या वर्गणीतून वाटा काढला, मुंबईला असलेल्या गावकऱ्यांनी हात सैल केला. मोठा टीव्ही आला, भिंती रंगल्या, नारळ फुटला, पेपरात फोटो आला. दुसऱ्याच वर्षी बिल थकून वीज तुटली. टीव्हीवर बाईंनी शिवून आणलेलं कापड चढलं ते माझी बदली होईपर्यंत उतरलं नाही. बिल कोण भरणार हे उद्घाटनाआधी मी कुणालाच विचारलं नव्हतं. त्या वर्षी पहिलीची सहा मुलं अक्षरांवरच होती, आणि मला ते टीव्हीच्या धामधुमीत दिसलंही नाही.

सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचंही, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाचंही, असंच झालं. तिथे काही गडबड झाली नाही, झाली ती बघून आलेल्यांची. २०१५ च्या सुमारास राज्यभरातून शिक्षक गाड्या भरभरून कुमठ्याच्या शाळा बघायला जायचे. मीही गेलो. तिथली मुलं गटागटानं स्वतः शिकत होती, शिक्षक मध्ये न येता बघत होते, आणि त्यामागे कित्येक महिन्यांची मेहनत होती. परत येऊन आम्ही काय केलं? फरशा रंगवल्या. रंग स्वस्त, आणि दिसतो लगेच. पुणे जिल्ह्यातल्या वाबळेवाडीच्या शाळेचंही उदाहरण सगळे देतात, ते तिथल्या इमारतीचं. त्याआधी गाव किती वर्षं शाळेमागे उभं राहिलं होतं, ते कुणी सांगत नाही.

म्हणून पैशाचा माझा नियम असा : वाचनाच्या तासाला जे लागतं ते पहिलं, दुरुस्ती दुसरी, शोभा शेवटी. वाचनाच्या तासाला लागतं फार थोडं. गोष्टीची पुस्तकं, शब्दपट्ट्या, पाटी-खडू, बसायला सतरंजी. ग्रंथालयासाठी समग्र शिक्षात प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपयांची तरतूद असते. पुस्तकं येतात आणि कपाटात कुलपाआड राहतात, कारण हरवली तर भरून कोण देणार ही गुरुजींना धास्ती. समितीनं ठराव करा की फाटलेल्या-हरवलेल्या पुस्तकांची जबाबदारी समितीची. माझ्या केंद्रातली तीन कपाटं या एका ठरावावर उघडली.

संयुक्त अनुदानाचे १०,००० तुमच्या खात्यावर दिसणार नाहीत, कारण खातं शून्य शिल्लकेचं आहे. पैसे पीएफएमएस या सरकारच्या ऑनलाइन पैसे देण्याच्या प्रणालीतून खर्चाची मर्यादा म्हणून येतात, कधी दोन हप्त्यांत, कधी फेब्रुवारीत, आणि ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा परत जाते. 'खात्यावर पैसे नाहीत' असं तुम्ही लिहिलंत त्याचं निम्मं कारण हेच असू शकतं. मर्यादा किती आली ते गुरुजींना दर महिन्याला विचारा, आणि खरेदीचा ठराव आधीच करून ठेवा म्हणजे मार्चमध्ये पळापळ होत नाही.

दुरुस्तीसाठी मोठा नळ ग्रामपंचायतीचा आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या काळात आपल्याकडे या निधीचा ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला आणि दहा-दहा टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला अशी वाटणी होती. त्यातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला. शाळेचं स्वच्छतागृह, हात धुण्याची जागा, पिण्याचं पाणी हे त्या बांधलेल्या पैशातच बसतं, आणि सरपंचांनाही तो पैसा कुठे तरी दाखवायचाच असतो. गाव आदिवासी क्षेत्रात असेल तर पेसा या आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांच्या कायद्याखालचा पाच टक्के निधी आणखी वेगळा. पण हे सगळं ग्रामपंचायत विकास आराखड्यात शाळेचं नाव असेल तरच. तो आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून आकार घेतो. तुमचा शाळा विकास आराखडा नियमाप्रमाणे आर्थिक वर्ष संपायच्या किमान तीन महिने आधी व्हायला हवा, म्हणजे डिसेंबरअखेर. मी म्हणतो सप्टेंबरमध्येच करा आणि ऑक्टोबरच्या ग्रामसभेत समितीच्या बायका मिळून जा. सात-आठ आया ग्रामसभेत पुढे बसल्या की विषय पुढच्या सभेवर ढकलणं अवघड जातं. वीजबिलाचंही तिथेच बोला, थकबाकी ग्रामनिधीतून भरायची का, आणि पुढचं दरमहा कोण भरणार. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय पहिल्याला टाळ्या वाजवू नका.

छप्पर किंवा भिंत असं मोठं काम असेल तर ते समग्र शिक्षातून नाहीतर जिल्हा वार्षिक योजनेतून, आणि तिथे यूडायस या शाळांच्या सरकारी नोंदीतली माहिती बघतात. दरवर्षी शाळेकडून भरल्या जाणाऱ्या त्या माहितीत किती खोल्या चांगल्या, किती किरकोळ दुरुस्तीच्या, किती मोठ्या दुरुस्तीच्या असे रकाने असतात. घाईत मागच्या वर्षीचंच पुढे ढकललं जातं. छत गळतंय आणि यूडायसमध्ये खोली 'चांगली', असं मी स्वतः पाहिलं आहे. मग प्रस्ताव कितीही वेळा पाठवा, वरच्याला कागदावर चांगली खोली दिसते. त्या अर्जाची छापील प्रत मागा आणि शाळेत उभं राहून एकेक रकाना ताडून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.

इंग्रजी शाळेच्या व्हॅनबद्दल थोडं बोलतो, कारण तुमच्या वहीत तो रकाना सगळ्यांत लांब असेल असा माझा अंदाज आहे. बरेच जण सुचवतील की सेमी इंग्रजी सुरू करा, पट थांबेल. शिकवणारा तयार असेल तर जरूर करा. पण मराठीच न वाचणाऱ्या पोराला गणित इंग्रजीत घातलं तर दोन्ही जातात. पालक व्हॅनकडे वळतात ते इंग्रजीसाठी कमी आणि 'तिथे रोज काहीतरी होतं' म्हणून जास्त. माझ्याशी बोललेल्या बहुतेकांनी हेच सांगितलं, अर्थात केंद्रप्रमुखासमोर माणूस जपूनच बोलतो. एका गावात आम्ही चावडी वाचन ठेवलं. संध्याकाळी पारावर दुसरी-तिसरीच्या पोरांनी त्याच दिवशीचं वर्तमानपत्र वाचलं, पाठ केलेलं काही नाही. जूनमध्ये दोन मुलं व्हॅनमधून परत आली. दोनच. पण त्या वर्षी पट १९ चा २१ झाला.

जिल्ह्याचा अमुक क्रमांक, राष्ट्रीय सर्वेक्षणात तमुक टक्के, असं कुणी सभेत सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. नोव्हेंबर २०२१ चं संपादणूक सर्वेक्षण किंवा डिसेंबर २०२४ चं तशाच प्रकारचं परख सर्वेक्षण, दोन्ही निवडक शाळांतल्या निवडक मुलांवरून जिल्ह्याचं चित्र काढतात. तुमच्या तेवीस मुलांबद्दल त्यात काही नसतं. त्यांची माहिती तुमच्या शनिवारच्या कागदावर असेल.

तो शनिवार आधी उरका, ग्रामसभा आणि यूडायस नंतर. मुलीला कोणता उतारा दिलात आणि ती नेमकी कुठल्या शब्दावर थांबली ते लिहून कळवा. जोडाक्षरावर थांबली असेल तर एक गोष्ट करायची, काना-मात्र्यावर थांबली असेल तर दुसरी.